बाबांच्या पायातला स्टेंट परत अरुंद झालाय, औषधवाला बलून करावा का?

पायवाट: बाबा ६८, शुगर आहे, मांडीच्या धमनीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट (धातूची जाळी) टाकलेला, आता परत शंभर पावलं चालले की पोटरी भरून येते, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) स्टेंटच्या आतच अरुंद झालंय म्हणे. डॉक्टर ड्रग कोटेड बलून, म्हणजे औषध लावलेला फुगा, म्हणतायत पण नेटवर वाचलं त्या औषधाने मृत्यू वाढतात, झोपच उडाली.

रानवारा: बलूनवरचं ते औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. २०१८ च्या शेवटी काही ट्रायल्स एकत्र करून तसा निष्कर्ष आलेला, पण नंतर जास्त डेटा पाहून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) जुलै २०२३ मध्ये सांगितलं की तसा धोका दिसत नाही. तेवढ्यासाठी नाही म्हणू नका.

सांजवेळ: माझ्या आईचं झालंय. जाळीत पेशी वाढून रस्ता बुजतो, साधा बलून नुसता दाबतो, हा औषधवाला दोनतीन मिनिटं फुगवून ठेवला की औषध भिंतीत उतरतं नि वाढ रोखतं, शिवाय आत आणखी धातू राहत नाही. स्टेंट पूर्ण बंद असेल तर मात्र निकाल तेवढा चांगला नसतो, ते विचारा.

पायवाट: पूर्ण बंद नाहीये. जीव भांड्यात पडला.

रानवारा: तंबाखू, सिगरेट असेल तर आजच बंद. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या त्यांना मनाने सोडू देऊ नका.