मुलीच्या अभियांत्रिकी शुल्कमाफीबाबत

सिन्नरकर: माझ्या मुलीला नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ओबीसी प्रवर्गातून, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीद्वारे प्रवेश मिळाला असून आमचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, तरीही कार्यालयाने पूर्ण शिक्षण शुल्क मागितले. हे नियमाला धरून आहे का?

पंचवटीकर: नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरावाच लागतो आणि वसतिगृहाचा खर्च यात येत नाही.

देवळालीकर: आधार कोणत्या बँक खात्याशी जोडले आहे, तेही आधी तपासा. माझ्या भाच्याची शिष्यवृत्ती शाळेत असताना उघडलेल्या, बंद पडलेल्या खात्यापायी सात महिने अडकली होती.

सिन्नरकर: आभारी आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपली आहे, त्यामुळे उद्या सकाळीच सेतू केंद्रात जातो.