फिस्कनं चित्रांतला अर्धा हिस्सा विकला, ते चुकलं का?

जुनी_वही
टेनेसीतल्या नॅशव्हिलचं फिस्क हे कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं छोटं विद्यापीठ. १९४९ मध्ये चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी दिवंगत पती आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातल्या आणि काही स्वतःकडच्या मिळून १०१ कलाकृती त्यांना दिल्या. पिकासो, सेझान, रन्वार, सगळे त्यात. विकायचं नाही आणि संग्रह फोडायचा नाही, या अटीवर. २००५ मध्ये पैशांची ओढाताण झाली, फिस्कनं दोन चित्रं विकायला काढली आणि कोर्टकज्जे सुरू झाले. शेवटी २०१२ मध्ये ३ कोटी डॉलरला अर्धी मालकी आर्कान्सातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाकडे गेली. आता संग्रह दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे.

माझ्या मते बरंच केलं. १८६६ च्या जानेवारीत ही शाळा भरली तीच अमेरिकी यादवी युद्धातल्या लष्करी इस्पितळाच्या बराकीत. गुलामांच्या कोंडवाड्यातल्या गंजलेल्या बेड्या भंगारात घालून त्या पैशांतून स्पेलिंगची पुस्तकं आणली, अशी तिथली आठवण सांगतात. अडीनडीला घरातलं सोनं मोडतातच की.

तळटीप
सोनं आपलं असेल तर मोडा. ही दुसऱ्यानं विश्वासानं दिलेली ठेव होती. घेताना अट मान्य, आणि हात आखडला की अट जाचक? बेड्या आणि पिकासो एका तराजूत घालू नका, बेड्या जपून ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. उद्या कोण देणगी देईल यांना?

सूरपेटी
तळटीप, तुम्ही ज्युबिली सिंगर्सना, फिस्कच्याच विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाला, विसरलात. १८७१ मध्येही तिजोरीत खडखडाट होता. खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ मुलामुलींना घेऊन ६ ऑक्टोबरला दौऱ्यावर निघाले. सिनसिनाटीतली पहिली कमाई पन्नास डॉलरच्या आत, तीही शिकागोच्या आगीत होरपळलेल्यांना देऊन टाकली! (याला व्यवहारज्ञान म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.)

त्यांच्यातल्या पियानोवादक एला शेपर्ड यांनी लिहून ठेवलंय की गुलामीतली ती भजनं चारचौघांत गायला मुलं तयार नसायची. आईबापांच्या दृष्टीनं ती पवित्र होती. तरी गायली. १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायली. त्या कमाईतून सहा मजली ज्युबिली हॉल उभा राहिला. म्हणजे जिवाजवळचं बाजारात मांडूनच हे विद्यापीठ टिकलंय.

तळटीप
गाणं गायलं म्हणून घरातून जात नाही हो. उलट आपल्यापर्यंत पोचलं ते त्यामुळेच. चित्राचं तसं नाही, ते ट्रकमधून जातं. आणि ओकीफबाईंनी ते कुठे दिलं ते बघा: गोऱ्या-काळ्यांची दारं वेगळी असण्याच्या काळात, दक्षिणेत, एका कृष्णवर्णीय विद्यापीठाला. न्यूयॉर्कमधला श्रीमंत रसिक चित्र कुठेही बघेल. नॅशव्हिलच्या पोरानं कुठे बघायचं?

पिंपळपार
थोडं अवांतर. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस इथलेच, १८८८ चे पदवीधर. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, तेच. असली माणसं घडवणाऱ्या संस्थेला भिंतीवरचं चित्र विकायची पाळी का येते, हे विचारा ना आधी. ज्यांच्या आजोबांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, ते माजी विद्यार्थी कोट्यवधींच्या देणग्या कुठून देणार? दोघंही विकणाऱ्याचीच उलटतपासणी करताय.

जुनी_वही
पिंपळपार, हे मान्य. तळटीप, तुमच्या नॅशव्हिलच्या पोराचा हिशोब करू. पदवी चार वर्षांची, त्यातली दोन वर्षं चित्रं त्याच्याच आवारात, जुन्या व्यायामशाळेच्या इमारतीतल्या कलादालनात. विद्यापीठच बंद पडलं असतं तर शून्य.

तळटीप
"बंद पडलं असतं" हे कोर्टात फिस्कच्याच बाजूनं मांडलेलं. आणि व्यायामशाळेचं कलादालन कुणासाठी केलं होतं? याच चित्रांसाठी ना?