सल्ला हवा: बाबांच्या फळीसाठी विचित्र रूपाची, वेगळ्या रंगाची इंजिनं

कर्जतकर७२:

नमस्कार मंडळी. बाबा रेल्वेत होते. बोरघाटात बँकरवर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनावर, सहायक म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. डिसेंबरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यासाठी बैठकीतली आठ फूट लांब, चौदा इंच रुंद फळी मोकळी केली आहे. तिच्यावर एचओ मापाचा (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलांचा) रूळ टाकून पाच-सहा मॉडेल इंजिनं मांडायची, त्यांतली दोन तरी चालती हवीत.

नेहमीची इंजिनं नको आहेत. बाबांना पहिल्यापासून ओढ चमत्कारिक इंजिनांची. घाटातलं ‘खेकडा’ म्हणतात ते जुनं विजेचं इंजिन तर त्यांचा जीव की प्राण. बजेट चाळीस हजार.

दोन प्रश्न आहेत. खेकड्याचं मॉडेल मिळतं का, की त्याच्यासारखंच दिसणारं ‘स्विस क्रोकोडाइल’ इंजिन रंगवून काम भागेल? आणि बाबांना नेऊन दाखवता येईल असं खरं इंजिन जवळपास कुठे आहे? गुडघ्यांमुळे फार जिने नकोत.

एक अडचणही सांगतो. गेल्या वर्षी एका संकेतस्थळावरून मार्कलिन या जर्मन मॉडेल कंपनीचं जुनं हिरवं क्रोकोडाइल घेतलं. माझ्या रुळावर ठेवलं की पॉवर पॅकचा लाल दिवा लागतो आणि सगळं बंद पडतं. विकणाऱ्याने उत्तरं देणं थांबवलं आहे.


तारेखाली:

कर्जतकर, बाबांना आधी नमस्कार सांगा.

खरं इंजिन पाहायचं तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठा. तिथे खेकडा उघड्यावर, जमिनीवरच उभा आहे, जिना चढायला लागत नाही. ऊन उतरल्यावर जा, पत्रा तापलेला असतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२० च्या दशकाच्या शेवटी मालगाड्यांसाठी ही विजेची इंजिनं घेतली. एकूण ४१. पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. रेल्वेचं नाव ईएफ/१, पुढे डब्ल्यूसीजी-१. मधे केबिनची पेटी आणि दोन्ही बाजूंना लांब नाकाडं. मोटारी त्या नाकाडांत, आणि चाकांना जोर मिळतो तो वाफेच्या इंजिनासारख्या आडव्या दांड्यांमधून. मधली पेटी आणि दोन्ही नाकाडं वेगवेगळी वळतात, म्हणून इतकं लांब धूड घाटातल्या वळणांवर बसतं. कर्जत-लोणावळा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, तिथे हीच इंजिनं राबली. उभं असताना त्याचा एक कण्हल्यासारखा आवाज येत राहायचा आणि चालताना दांड्यांची सपसप. खेकडा हे नाव आपल्याच स्टाफने दिलेलं.

दिल्लीला जाणं झालं तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चुकवू नका. पतियाळा संस्थानाची मोनोरेल तिथे आहे: एकच रूळ, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठं चाक रस्त्यावरून धावतं. ही गाडी १९०७ ते १९२७ खरोखर चालली. सिंद्रीच्या खत कारखान्याचं, हेन्शेलने १९५३ साली बनवलेलं बिनआगीचं इंजिनही तिथेच. त्याला भट्टीच नाही. कारखान्याच्या बॉयलरमधून वाफ टाकीत भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत शंटिंग, म्हणजे डब्यांची हलवाहलव, करायचं. जिथे ठिणगी चालत नाही तिथे अशी इंजिनं वापरत.


निळाबॉयलर:

आधी तुमच्या लाल दिव्याचं. इंजिन बिघडलेलं नसावं. मार्कलिनची पद्धत तीन रुळांची आहे: मधे ठिपक्यांची रांग, इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी, ती त्या ठिपक्यांवरून घासत वीज घेते. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी विजेने जोडलेली असतात. तुमच्या दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर ते ठेवलं की चाकंच डावा-उजवा रूळ जोडतात आणि शॉर्ट होतो. इंजिन उलटं करून बघा, पोटाखाली पट्टी दिसली की समजा हेच.

त्याची चाकं बदलत बसू नका. फळीच्या मागच्या कडेला मार्कलिनचाच चार-पाच फूट वेगळा रूळ टाका. ट्रान्सफॉर्मर मात्र नवा घ्या. जुन्या इंजिनाबरोबर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, त्याच्या वायरचं वेष्टन ठिसूळ झालेलं असतं. घरात पोरंबाळं असतील तर तो प्लगला लावूच नका.

आणखी एक तपासा. जुन्या इंजिनांचं ओतीव धातूचं अंग आतून फुगतं आणि तडकतं. जस्ताच्या मिश्रणात शिसं राहून गेलं की हे होतं आणि त्यावर इलाज नाही. नाकाडाच्या खालच्या कडेवर टॉर्च तिरका धरा. केसासारख्या रेघांचं जाळं दिसलं, कडा कमानीसारखी वाकलेली दिसली, तर त्याला चालवू नका, नुसतं मांडून ठेवा.

स्विस क्रोकोडाइल रंगवून खेकडा करायच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकजोडी जास्त असते, खेकड्याला ती नाही. चेहराही वेगळा. आपण फसू, ज्याने ते हाकलंय तो माणूस दारातूनच ओळखेल. स्विस ते स्विसच राहू द्या. ते हिरव्यातही होतं आणि तपकिरीतही.

खेकडा हवा तर तो घडवून घ्यावा लागेल. थ्रीडी प्रिंट केलेलं अंग आणि आत एखाद्या तयार इंजिनाची चालती चासी (चाकं आणि मोटरचा सांगाडा), असं करणारे हौशी लोक आहेत. एक लक्षात ठेवा: आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की १९ मिलिमीटरच्या वर जातो. एचओचा रूळ १६.५ चा. म्हणजे भारतीय इंजिन तयार रुळावर चालवायचं तर चाकं आत सरकवावीच लागतात. बाबांना ते आधी सांगून टाका, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.


यॉर्ककर:

मी इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये असते, इथल्या रेल्वे संग्रहालयात वरचेवर जाणं होतं. रंगाचा विषय निघालाय म्हणून ‘बॉक्सहिल’ सुचवते. १८८० सालचं, सहा चाकांचं लहानसं टेरियर जातीचं इंजिन. लंडन-ब्रायटन मार्गाच्या इंजिनांचे प्रमुख विल्यम स्ट्राउडली यांनी आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचं नाव ‘सुधारित इंजिन हिरवा’. समोर उभं राहिलं तर इंजिन चक्क पिवळं! पिकल्या हापूसच्या सालीत थोडी हळद आणि थोडी माती मिसळावी तसं. त्यांना असा रंग का दिसला यावर इथले जुने लोक अजून वाद घालतात. मला मात्र ते पिवळं इंजिन बघितलं की प्रसन्न वाटतं.

हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने टेरियर ओओ मापात (एचओपेक्षा किंचित मोठं) याच रंगात काढलंय. ओओचा रूळही १६.५ चाच, त्यामुळे तुमच्या फळीवर चालेल. आखूड असल्याने लहान जागेत शंटिंगला फार छान. तुमच्या चालत्या दोनांपैकी एक हे घ्या.

आणि एक घरचं सांगते. माथेरानच्या १९०७ च्या जर्मन इंजिनांपैकी ७४० नंबरचं इंग्लंडमध्ये आलंय, लेटन बझर्डला मी ते पाहिलं. या इंजिनांची टोकाची चाकं पोकळ आसांवर बसवलेली असतात आणि वळणावर आडवी सरकतात, क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. नेरळच्या गाडीच्या इंजिनासमोर इतक्या दूर उभं राहिले आणि डोळे भरून आले.


सांधेवाला:

गुलाबी इंजिन राहिलं की. अमेरिकेच्या लायोनेलने १९५७ साली मुलींसाठी म्हणून गुलाबी वाफेचं इंजिन आणि फिक्या रंगांचे डबे असा संच काढला. खपला नाही. मुलींना खऱ्यासारखं काळं इंजिनच हवं होतं, असं सांगतात. आता त्याच संचाला संग्राहकांत मोठा भाव आहे, म्हणूनच साधी इंजिनं गुलाबी रंगवून विकणारेही आहेत. शिवाय तो ओ गेजचा, म्हणजे बऱ्याच मोठ्या मापाचा, तुमच्या रुळावर बसायचा नाही. घेऊ नका.


ब्रशवाली:

कर्जतकर, खेकडा घडवलात तर रंगाचं काम माझ्याकडे द्या, फक्त रंगाच्या डब्यांचे पैसे घेईन. स्वतः करणार असाल तर अंग चासीवरून सोडवा, भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा आणि एक रात्र वाळू द्या. त्यानंतर बोट लावायचं नाही, बोटाचं तेल बसतं तिथला रंग पुढे पोपडा धरतो. प्राइमर झाल्यावर आधी फिका रंग, मग गडद. चिकटपट्टी रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, स्वतःवर दुमडत, हळू ओढायची.

मॅट वार्निश गणपतीच्या आधी मारू नका. हवेत दमट असलं की त्यावर पांढुरकी साय धरते. माझं निळं इंजिन असंच गेलं, तीन महिन्यांचं काम होतं.

आणि कोणता रंग ते फोटोवरून ठरवू नका. जुने फोटो काळे-पांढरे, आणि संग्रहालयातला रंग नंतर दिलेला असू शकतो. तुमच्या घरात साक्षीदार बसलाय. माझ्याकडचं रंगांचं कार्ड पाठवते, बाबांना खिडकीच्या उजेडात दाखवा, ट्यूबलाइटखाली नको.


निळाबॉयलर:

ब्रशवालीताईंना अनुमोदन. आणि पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय पाहून या. भाऊसाहेब जोशींनी उभारलेली ती लहान गाड्यांची नगरी १९९८ पासून सुरू आहे. किती जागेत काय बसतं याचा अंदाज येईल.


कर्जतकर७२:

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन उलटं केलं, पोटाखाली पट्टी आहे. कडाही टॉर्चने तपासल्या, तडा नाही. टेरियर मागवलं.

रविवारी बाबांना वरळीला घेऊन गेलो. खेकडा दिसल्यावर ते माझा हात सोडून पुढे गेले. आडव्या दांडीच्या जोडावर पंजा ठेवला आणि म्हणाले, “इथे तेल घालायचो. रात्री कंदील दातात धरून.” पंधरा मिनिटं तसेच उभे होते. मी खुर्ची आणायला निघालो तर नको म्हणाले.

ब्रशवालीताई, तुमचं कार्ड पोहोचलं. खिडकीत धरून बाबांनी तीन तपकिरी छटा बाजूला काढल्या आणि त्यांतल्या एकीवर पेनाने खूण केली. म्हणाले, रंग कुठलाही द्या, घाटात चार फेऱ्या झाल्या की ब्रेकच्या पुडीने खालचा भाग असाच व्हायचा. चाकांच्या वर बोटभर उंचीपर्यंत ही छटा हवी, आणि दांड्या मात्र स्वच्छ, कारण त्या ते रोज पुसत. पुडीचा असा थर ब्रशने द्यायचा की स्पंजने? आणि दसऱ्याला अंग तुमच्याकडे पाठवलं तर डिसेंबरपर्यंत होईल का?


ब्रशवाली:

स्पंजने, आणि रंग जवळजवळ कोरडा असताना. दसऱ्याला नक्की पाठवा. दांड्या वेगळ्या काढून द्या, त्या शेवटी बसवू. कार्डावरची बाबांची खूण पुसू नका, कार्डही सोबत ठेवा.