फायबर पोस्टने दात 'मजबूत' होतो म्हणे!

दंतकारण
आरसीटी, म्हणजे रूट कॅनल उपचार, झालेल्या दातांवरचा एक लेख सध्या जो तो पुढे ढकलतोय. सार असं: फायबर पोस्ट (मुळात बसवायची तंतूंची खुंटी) डेंटिनइतकीच (दाताच्या आतल्या कठीण थराइतकीच) लवचीक, म्हणून ती मुळाला आतून बळ देते, धातूची पोस्ट मूळ हमखास फोडते, सबब प्रत्येक आरसीटीनंतर फायबर पोस्ट घालावी. तीन दावे, तिन्ही गंडलेले.

पोस्ट कोअर, म्हणजे क्राउनच्या (दातावरच्या टोपीच्या) आतला भराव, धरून ठेवते. खुंटी भिंतीला बळ देत नाही, उलट तिच्यासाठी भिंतच कोरावी लागते. संशोधक रीह आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उपदाढांवर मोजलं होतं: नुसत्या आरसीटीने दाताचा ताठपणा ५ टक्के घटतो, दोन्ही बाजूंच्या कडा गेलेल्या एमओडी पोकळीने ६३ टक्के. कडा शाबूत असलेल्या दाढेत पोस्ट कशाला? चेंबरमध्ये (नस काढलेल्या पोकळीत) कोअर भरा, कस्प (दाढेचे उंचवटे) झाका, झालं. पोस्ट लागलीच तर हिरडीच्या वर किमान दीड-दोन मिलिमीटर उंचीचं, एक मिलिमीटर जाडीचं डेंटिन सगळीकडून क्राउनच्या पकडीत हवं. डेंटिनचं हे कडं म्हणजे फेरूल; ते नसेल तर पोस्ट कुठलीही घाला, फरक फारसा नाही.

तंतुमय
बळ देत नाही, मान्य. पण 'फरक नाही' हे कुठून आणलंत? डेंटिनचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचं माप) साधारण १८ गिगापास्कल, स्टीलचा २००च्या आसपास, टायटॅनियमचा ११०. ताठ पोस्ट वाकत नाही, ताण टोकाशी नेऊन ठेवते आणि मूळ उभं चिरतं. मग दात काढण्याशिवाय गत्यंतर नाही. फायबर पोस्ट निसटते, फार तर मोडते. पुन्हा करता येतं. आणि ती आटे पाडलेली स्क्रू पोस्ट वापरणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. बसवतानाच चीर पाडून ठेवतात.

कास्टनिष्ठ
'निसटते' म्हणजे जणू उपकारच! फेरूल तोकडं असेल तर फायबर पोस्ट चावताना लवते, क्राउनच्या काठाचं सिमेंट उघडतं, आत गळती सुरू होते. रुग्णाला पत्ता नसतो, कारण नस काढलेली. क्राउन हलायला लागेपर्यंत खाली कीड पसरून डेंटिन मऊ झालेलं असतं. हा दात 'पुन्हा करता येण्याजोगा' म्हणायचा?

शिवाय मुळातल्या अंडाकृती किंवा पसरट कालव्यात (कॅनलमध्ये) गोल फायबर पोस्ट घातली की एका बाजूला सिमेंटचा जाड थर. कास्ट पोस्ट (धातूची ओतीव) कालव्याच्या आकाराची बनते, फिरत नाही, कोअर आणि पोस्ट एकसंध.

तंतुमय
अंडाकृती कालव्यात बारीक फायबर पोस्टचा जुडगा घालतात, किंवा पोस्टवर कंपोझिट चढवून कालव्याचा साचा घेतात. हे आता नवीन राहिलेलं नाही, साहेब. आणि निसटण्याचं खरं कारण चिकटवण्यातला आळस. हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावणाने) शेवटचं धुवायचं आणि लगेच रेझिन सिमेंट! त्याचा ऑक्सिजन रेझिन नीट पक्कं होऊ देत नाही. १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुरा काढणारं द्रावण) एक मिनिट, मग सलाईन, मग पेपर पॉइंट (टिपायच्या कागदी वाती). सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह सिमेंट (स्वतःच चिकटणारं) असेल तर डेंटिन कोरडंठाक करू नका. सिमेंट बारीक टोकाने तळापासून भरत वर या. पोस्ट अल्कोहोलने पुसा, सिलेन (काच आणि रेझिन जोडणारं रसायन) लावा.

मूळशोध
सिलेन! पोस्टचं आवरण इपॉक्सीचं, त्याला सिलेन काय धरणार? ते काच धरतं.

तंतुमय
म्हणूनच आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने वरचा थर काढून तंतू उघडे करतात. वाचत जा थोडं.

मूळशोध
वाचूनच बोलतोय. तुमच्या यादीत सर्वांत मोठी गोष्टच नाही: भिंतीवर उरलेलं गटापर्चा (कालवा भरायचा रबरासारखा पदार्थ) आणि सीलर (त्याभोवतीचा लेप). त्यावर कुठलं सिमेंट चिकटणार आहे? सीलर युजेनॉलचा (लवंगतेलातल्या घटकाचा) असेल तर आणखीच गंमत. पोस्टची जागा कोरल्यावर भिंती भिंगातून बघा, मग सिलेनवर भांडू. आणि लेंट्युलो (मळसूत्री तार) फिरवून सिमेंट भरणारे महाभाग वेगळेच. अनेक रेझिन सिमेंट त्याने वेळेआधी आवळतात आणि पोस्ट अर्ध्यात अडकते.

कास्टनिष्ठ
बघा! एवढी नाटकं करूनही कालव्याच्या खालच्या तिसऱ्या भागात प्रकाश धड पोहोचत नाही. ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि रसायनानेही पक्कं होणारं) म्हणून मनाचं समाधान.

दंतकारण
धागा सिमेंटचा नव्हता! पण चाललंच आहे तर कोरण्याचं बोला. खाली ४-५ मिलिमीटर गटापर्चा राहिलंच पाहिजे. पीझो रीमर (कोरायचं फिरतं हत्यार) जाड घेऊन जोर लावला की वरच्या पहिल्या उपदाढेत घात ठरलेला. तिच्या गालाकडच्या मुळाला टाळूच्या बाजूने खोबण असते, एक्स-रेत दिसत नाही. खालच्या दाढेत पुढचं मूळ सोडा, मागच्यात पोस्ट घाला. वरच्या दाढेत टाळूकडच्या.

मोजपट्टी
दोन्ही बाजू 'फ्रॅक्चर रेझिस्टन्स'चे आकडे डोक्यात धरून बसल्यात. त्यातले बरेच प्रयोग असे: काढलेला दात अ‍ॅक्रिलिकमध्ये रोवायचा, १३५ अंशांत एकच वाढता दाब, मोडेपर्यंत. तोंडात दात एका दणक्याने क्वचित जातो. लाखो चावण्यांच्या थकव्याने आणि गळतीने जातो. कित्येकदा मुळाभोवती (तिथल्या लवचीक पडद्याच्या जागी) सिलिकॉनचा थरसुद्धा देत नाहीत.

तंतुमय
थकव्याच्या चाचण्याही आहेत की. पण ठीक, फेरूल अजिबात नसेल तर फायबर पोस्टवर भिस्त ठेवू नये, एवढं लिहून घ्या.

कास्टनिष्ठ
सूर्य पश्चिमेला उगवला! तिथे आधी क्राउन लेंग्थनिंग (हिरडी-हाड कापून दात उघडा करणं) किंवा दात बाहेर ओढून घेणं. नाही जमलं तर कास्टही नको, इम्प्लांटचं बोला.

मूळशोध
आणि पुन्हा आरसीटी करायची वेळ आली तर? फायबर पोस्ट मधोमध कोरून निघते. कास्ट काढताना अल्ट्रासॉनिक (कंपनांचं यंत्र) लावायचं, तेही पाण्याशिवाय नाही, कारण ते तापतं. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी इजा होते. झिर्कोनिया पोस्ट घालणाऱ्यांनी ती काढूनही दाखवावी.