शाकाहाराची पत्रकं वाटताना अडवलं, परवानगी कुणाची लागते? (मदत हवी आहे, तातडीने)

ओला_काजू
रविवारी पुन्हा जायचंय म्हणून पटकन विचारतो. आम्ही काही मित्र मिळून शाकाहाराची पत्रकं वाटतो. पक्ष नाही, देणगी नाही, घोषणाबाजी नाही. गेल्या खेपेला गणवेशातले एक गृहस्थ आले, "परवानगी दाखवा" म्हणाले आणि उरलेला गठ्ठा पिशवीत भरायला लावला. कसली परवानगी विचारलं तर "ते तुम्ही बघा". अर्ज कुणाच्या नावे करायचा, किती दिवस आधी? माहीत असेल त्यांनीच लिहा. शाकाहार चांगला की वाईट यासाठी हा धागा नाही.

खाडीकाठ
गाव कुठलं? जागा कुठली? रस्ता, एसटी स्टँड, देवळाचं आवार, बाजार? प्रत्येक जागेचा धनी वेगळा असतो. आणि गणवेश कसला होता, पोलीस की सुरक्षारक्षक?

ओला_काजू
दापोली तालुका. जागा सार्वजनिकच आहे हो. गणवेश खाकी होता, बाकी निरखून बघायला वेळ कुणाला होता.

बांगडा_फ्राय
दापोली तालुका, सार्वजनिक जागा, गर्दी... हर्णैच्या लिलावात उभे होतात असं सांगू नका म्हणजे मिळवलं.

ओला_काजू
हर्णैच. संध्याकाळी लिलावाला तालुक्यातली सगळ्यात मोठी गर्दी तिथेच असते, मुंबई-पुण्याचे पर्यटकही असतात. त्यात काय एवढं?

बांगडा_फ्राय
खिक्. होड्या लागल्यात, टोपल्या उतरतायत, बोली चाललीय आणि मध्ये तुम्ही "मासे खाऊ नका". गठ्ठा पिशवीतच भरायला लावला यात आनंद माना.

मालवणी_झील
रे बाबा, आमच्या मालवणच्या बंदरार असा करशीत तर पापलेटाच्या दरापेक्षा तुजीच चर्चा जास्त होतली. सोमवारी ये, त्या दिवशी आमीच खाणव नाय.

ओला_काजू
परवानगीचं कुणी सांगणार आहे का?

जुना_कारकून
सांगतो. नोकरीभर असले अर्ज आवक नोंदवहीत चढवण्यात गेली.

दोन-चार जणांनी रस्त्याकडेला उभं राहून हातात कागद द्यायचा, याला स्वतंत्र परवाना असा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. मत मांडायचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे, त्यावरची वाजवी बंधनंही तिथेच आहेत. अडतं ते तीन ठिकाणी.

एक, जमाव. सणासुदीला किंवा वातावरण तापलेलं असलं की जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्यात पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला बंदी असते. तुम्ही किती जण ते लिहिलेलं नाही, पण "काही मित्र" पाच झाले की कुणीही बोट ठेवू शकतो. त्याच कलमात चित्रं आणि फलकांबद्दलही तरतूद आहे, तेव्हा कत्तलीचे फोटो असलेले बॅनर धरून उभे असाल तर आत्ताच सांगा.

दोन, जागा. बंदराची जेटी म्हणजे हमरस्ता नव्हे. सागरी मंडळ, मत्स्यव्यवसाय खातं आणि मच्छीमार सोसायट्या असा तिथे तिहेरी कारभार असतो. आवारात उभं राहायचं तर त्यांचं पत्र हवं. हर्णैला ग्रामपंचायत, दापोली शहरात नगरपंचायत. स्टँडच्या आवारात आगारप्रमुख. खेड स्टेशनवर जायचा विचार असेल तर रेल्वेच्या हद्दीत स्टेशन मास्तरांना विचारल्याशिवाय गठ्ठा सोडूसुद्धा नका.

तीन, आवाज. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी लागतेच. आणि भिंतीला, खांबाला पत्रक चिकटवू नका, त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विरूपण कायदा आहे.

पोलीस ठाण्याला साधं माहितीपत्र द्या: तारीख, वेळ, जागा, माणसं किती, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन, सोबत पत्रकाची प्रत. पत्रकावर छापखान्याचं नाव असू द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. पुढच्या वेळी "परवानगी दाखवा" म्हटलं की तो शिक्का दाखवायचा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

ओला_काजू
धन्यवाद, हेच हवं होतं. बॅनर एकच आहे, त्यावर पिंजऱ्यातल्या कोंबड्या आहेत. सहा जण होतो.

खाडीकाठ
बघा, सहा. हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

आंजर्लेची_माहेरवाशीण
पत्रकात आहे काय ते टाका ना इथे. लोकांची प्रतिक्रिया काय होती?

ओला_काजू
पत्रक मुंबईच्या एका गटाकडून तयार आलंय. चार पानी, रंगीत. एक किलो गोमांसाला सुमारे १५,००० लिटर पाणी लागतं, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अवस्था, हरितगृह वायू, आणि सर्व पोषक तत्त्वं वनस्पतींतून मिळतात, असे मुद्दे आहेत. पर्यटक घेतात आणि गाडीत टाकतात. एका मावशींनी घेतलं, अंगठ्याने कागद चोळून बघितला, "गुळगुळीत हाय, सोडे (सुकी कोळंबी) बांधायला नाय चालणार" म्हणाल्या आणि परत दिलं.

आंजर्लेची_माहेरवाशीण
मावशींनी परीक्षण केलं, आता मी वेगळं काय लिहू! महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी २०१५ पासून आहे, हर्णैच्या बंदरावर गोमांसाच्या पाण्याचा हिशोब कुणाला सांगताय? समोर टोपलीत सुरमई आहे, तिला पंधरा लिटरसुद्धा कुणी पाजलेलं नाही. चार पानांत मासा हा शब्द तरी आहे का?

ओला_काजू
शेवटच्या पानावर एक ओळ आहे. पण प्रश्न पत्रकाचा नाही, परवानगीचा आहे.

रोज_एक_गोळी
पोषक तत्त्वांचं वाक्य खोडा. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दही घेणाऱ्याला थोडं तरी मिळतं, दूधही सोडलं तर गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावे लागतात. माझं बी-१२ तळाला गेलं तेव्हा तळपायाला मुंग्या येत होत्या आणि मी चपला बदलत बसलो होतो. मी शाकाहारीच आहे आणि राहणार, पण लोकांच्या हातात चुकीचं छापील देऊ नका.

घाटावरचा
बी-१२ चं नाहक भय पसरवलं जातं. आमच्या आजीने जन्मात अंडं खाल्लं नाही, नव्वदीपर्यंत विहिरीचं पाणी शेंदलं.

रोज_एक_गोळी
आजी रोज दूध-ताक घ्यायच्या की नाही? मग वर काय लिहिलंय मी?

एक_छोटी_होडी
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, म्हणून राहवलं नाही. बंदरावर येऊन बोलायचंच असेल तर एलईडीबद्दल बोला. रात्री दिवे लावून मासळी गोळा करायची आणि पिल्लांसकट ओढायची. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, पर्ससीनवर (मासळीच्या थव्याला वेढून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी दिवे रात्री दिसतातच. १ जून ते ३१ जुलै आम्ही होड्या शाकारून घरी बसतो ते मासा वाढावा म्हणून. आणि सहा जण येऊन आम्हाला प्राणिदया शिकवणार.

बांगडा_फ्राय
+१

घाटावरचा
छोटी होडी असो की मोठी, मासा मरतो तो मरतोच.

एक_छोटी_होडी
तुमच्या भाजीवर फवारणी होते तेव्हा काय मरतं ते बघायला शेतात गेलायत कधी?

खाडीकाठ
एलईडी आणि फवारणी दोन्हींसाठी वेगळा धागा काढा. इथे अवांतराच्या जिलब्या नकोत.

सहकुटुंब_सहपरिवार
विषय निघालाच आहे तर, आम्ही ८ जण नाताळच्या सुट्टीत दापोलीला येतोय, त्यातले ३ जैन. कांदा-लसणाशिवायचं घरगुती जेवण कुठे मिळेल? समुद्र दिसला तर उत्तम.

आंजर्लेची_माहेरवाशीण
आमच्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला याल तेव्हा आदल्या दिवशी एखाद्या घरगुती खानावळीला फोन करून ठेवा, बहुतेक ठिकाणी करून देतात. आयत्या वेळी जाऊन मागू नका.

आणि ओला_काजू, नाव एवढं चविष्ट घेतलंयत आणि पत्रकात एक पदार्थ नाही? काजूची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, केळफूल, कुळथाची पिठी. कुळथात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि तो इथल्याच शेतात होतो. हे वाचून निदान कुणी मान तरी डोलावेल. आत्ता मार्गशीर्ष चालू आहे, गुरुवारी घरोघर घट मांडलेला असतो, त्या दिवशी निम्मा तालुका तसाही मासे खात नाही. बुधवारी संध्याकाळी दापोलीच्या भाजीबाजाराबाहेर उभे राहा, बायका उद्याचीच भाजी घेत असतात. "गुरुवारचं आहे तसंच अजून एक दिवस करून बघा" एवढंच सांगा.

मालवणी_झील
आणि गौरीच्या दिवसांत फिरकू नको. आमच्याकडे कितीतरी घरांत गौरीक वडे-सागोतीचो (मटणाचो) नैवेद्य असता. थंय पत्रक दिलंस तर गौरच विचारतली, तू कोण?

ओला_काजू
व्रतवैकल्याशी आमचा संबंध नाही. आमची भूमिका प्राण्यांच्या वेदनेची आहे. गुरुवारी सोडून शुक्रवारी दुप्पट खायचं, याला आम्ही शाकाहार म्हणत नाही.

आंजर्लेची_माहेरवाशीण
नका म्हणू. पण पत्रक घेणारीला "तुझा गुरुवार खोटा" असं सांगून तुम्ही नेमकं कुणाला वळवणार?

घाटावरचा
ओला_काजू यांच्याशी सहमत. तत्त्वात तडजोड नको.

जुना_कारकून
तत्त्वाचं तुम्ही बघा. रविवारचं काय ठरलं? आज गुरुवार, पत्र उद्या जायला हवं. शनिवारी साहेब भेटतील याची खात्री नाही.

ओला_काजू
ठरलं ते असं. बंदर सोडणार नाही, पण जेटीच्या आवारात न जाता बाहेर, पर्यटकांच्या गाड्या लागतात त्या रस्त्यावर उभे राहू. तीन-तीन जणांचे दोन गट, एक तिथे, दुसरा दापोली स्टँडबाहेर. बॅनर नेणार नाही. बी-१२ ची ओळ काळ्या पेनाने खोडतोय, सगळी छापून झालीत, इलाज नाही. कुळथाचं बघू, ते गटाला विचारावं लागेल. पत्र उद्या देतो. आवक शिक्का कुठल्या टेबलावर मिळतो?

जुना_कारकून
ठाणे अंमलदारांसमोर. दोन प्रती न्या, पत्रक दोन्हींना जोडा. "परवानगी मिळावी" असं लिहू नका, "माहितीसाठी सविनय सादर" लिहा. परवानगी मागितली की ती येईपर्यंत थांबावं लागतं.

सहकुटुंब_सहपरिवार
माहेरवाशीण ताई, खानावळीचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का? आणि कुळथाची पिठी कांदा-लसणाशिवाय होते का?

आंजर्लेची_माहेरवाशीण
नंबर पाठवते. पिठी होते की. फोडणीत हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि उकळी आली की दोन आमसुलं.