मदत हवी आहे: कपाटामागे काळे ठिपके, ही बुरशीच का?

बेडरूममधलं कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून आहे. ते पुढे ओढलं तर मागे काळपट-हिरवे ठिपके. खाली कोपऱ्यात दाट, वर विरळ. त्याच भिंतीवर खिडकीखाली पांढरी भुकटी सुटलीय आणि रंगाचे पोपडे निघतायत. कपड्यांना कुबट वास येतो तो बहुधा याचाच. घरात दम्याचा त्रास असलेलं माणूस आहे, म्हणून घाई.

घरचे म्हणतात, पुसून वरून रंग मारू. मला काही ते पटत नाही. काळं आणि पांढरं एकच आहे का? आणि ओल बाहेरून झिरपतेय की खोलीतल्या दमट हवेची, हे भिंत न फोडता कळेल का?

प्रतिसाद:
रंग अजिबात नको. ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा येते, वर रंग सुटतो तो वेगळाच.

पांढरा बहुधा लोणा असेल, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. चिमूटभर पाण्यात टाकून बघा, क्षार विरघळतो, बुरशी नाही. काळ्या ठिपक्यावर पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब लावा. लगेच फिका पडला तर बुरशी समजा, नाहीतर मळ. काळी बुरशी म्हणजे विषारीच, असं नुसत्या रंगावरून ठरत नाही. कुठलीही असली तरी काढायचीच.

ओलीसाठी, भिंत पुसून कोरडी करा आणि ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून दोनेक दिवस ठेवा. फॉईलच्या मागे पाणी धरलं तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतली. मग कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, वारा खेळू द्या आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. भिंतीतली ओल असेल तर आधी बाहेरची भेग किंवा गळका पाइप शोधा, नाहीतर घासणं फुकट.

डाग साधारण ३ फूट बाय ३ फुटांपेक्षा कमी असेल तर घरीच साफ होतो. एन-९५ मास्क, हातमोजे, उघडी खिडकी, साबणाचं पाणी. कोरडं खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. दम्याच्या माणसाला त्या वेळी खोलीत येऊ देऊ नका.

धागाकर्ता:
फॉईल आजच लावतो. कपाटाचं मागचं प्लायवुड फुगलंय, ते पुसून चालेल का?

प्रतिसाद:
फुगलंय म्हणजे बुरशी आतपर्यंत गेलेली असणार. ते बदला. कपडे मात्र धुऊन, पूर्ण वाळवून वापरता येतील.