मुंबई–मोपा विमान साडेसहा तास उशिरा: कंपनीकडून नेमकं काय मागता येतं?

मोतीतलाव (प्रश्न)

मुंबईहून मोपाला (उत्तर गोव्यातला विमानतळ) येणारं रात्री ८:४० चं विमान पहाटे ३:१० ला सुटलं. प्रवासी दोघे, वय ७१ आणि ६६, एकाच पीएनआरवर. वेळ एकदम कधीच सांगितली नाही. आधी ९:५०, मग ११:००, मग १२:१५, मग १:४० आणि शेवटी ३:१० असे मेसेज येत राहिले. रात्री दहाच्या सुमारास एक सँडविच आणि पाण्याची बाटली दिली, पुढे काही नाही. हॉटेलचं विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, "आता तासाभरात सुटेल." सावंतवाडीहून सांगून ठेवलेली गाडी वाट बघून परत गेली. पहाटे दुसरी टॅक्सी केली, तिचे १,८०० रुपये जास्तीचे गेले. पावती आहे.

तक्रार केल्यावर कंपनीचा मेल आला: "ऑपरेशनल कारणामुळे उशीर झाला, दिलगीर आहोत." सोबत माणशी ५०० रुपयांचं व्हाउचर, सहा महिन्यांत वापरायचं.

एकजण सांगतो की कायद्याने दहा हजार मिळतात. खरं का? आणि दाद मागायची तर मुंबई-दिल्लीला खेपा घालाव्या लागतील का? त्यांच्या वयात ते शक्य नाही.

---

कलम_पोटकलम

दहा हजारांचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो खोटा नाही, पण तुमच्या प्रकरणाचा नाही.

डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) या विषयावरचा नियम म्हणजे त्यांच्या सीएआर या नियमावलीतला सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. त्यात तीन खाती वेगवेगळी आहेत: तिकीट असूनही जागा नाकारणं, विमान रद्द होणं आणि विमानाला उशीर होणं. रोख भरपाईचे आकडे पहिल्या दोन खात्यांत आहेत. उशिराच्या खात्यात ठरावीक रोख रक्कम नाही, तिथे सोयी आणि परतावा आहे. लोक तिन्हींची सरमिसळ करतात, चुकीचा आकडा मागतात, आणि कंपनी एका ओळीत तक्रार बंद करते.

उशिराच्या खात्यात या दोघा प्रवाशांना काय मिळायला हवं होतं, ते बघा. वेळापत्रकानुसार अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, तर दोन तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं द्यावंच लागतं. मुंबई–मोपा त्यातच येतं. (अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांची.) देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यावा लागतो. तिसरी सोय हॉटेलची. मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान असेल आणि उशीर सहा तासांहून जास्त असेल, तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय फुकट. तुमची मूळ वेळ ८:४०, उशीर साडेसहा तास. दोन्ही अटी पुऱ्या होतात.

कंपनी इथे काय म्हणेल ते आताच सांगतो. १:४० या वेळेपर्यंत उशीर पाचच तासांचा होता, सहा तासांची रेघ ३:१० च्या मेसेजनेच ओलांडली. तासा-दीड तासाने वेळ पुढे ढकलत नेण्याचा परिणाम हाच: हॉटेल आणि परतावा ज्या रेघेपलीकडे सुरू होतात, ती रेघ कागदावर मध्यरात्र उलटल्यावर येते, आणि तोवर दोन तासांसाठी हॉटेलला जाण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पाचही मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. त्यात मेसेज आल्याची वेळ दिसली पाहिजे. तुमच्या प्रकरणाचा कणा तोच आहे, टॅक्सीची पावती त्यानंतर.

परतावा आता मागता येणार नाही, कारण प्रवास झाला आहे. मागायचं ते असं: टॅक्सीचे १,८००, विमानतळावर स्वतःच्या खिशातून केलेल्या खाण्याचं बिल, आणि नियमातली सोय न दिल्याबद्दल, म्हणजे सेवेतील त्रुटीबद्दल, वाजवी रक्कम. अवाच्या सवा आकडा टाकू नका. पावत्या हजारांत आणि मागणी लाखांत असली की पावत्यांचंही वजन कमी होतं.

व्हाउचर वापरू नका. मेलला उत्तर देऊन "हे व्हाउचर पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून मान्य नाही" एवढं एक वाक्य लिहून ठेवा.

"ऑपरेशनल कारण" हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत. कंपनीला सूट मिळते ती तिच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी: नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी आदेश, सुरक्षेचा धोका, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण. वैमानिक वेळेत न मिळणं किंवा विमानांची फिरवाफिरव चुकणं यांत बसत नाही. आणि धुक्यामुळे झालेल्या उशिराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे की उशिराची जबाबदारी नसली, तरी अडकलेल्या प्रवाशांना खाणंपिणं देणं कंपनीला चुकत नाही, स्वस्त तिकिटांची कंपनी असली तरीही.

---

चिपी_ते_परुळे

विमान रद्द झालं तर आकडे कसे चालतात तेही इथे लिहून ठेवतो, आपल्याकडे पावसाळ्यात तीच वेळ जास्त येते.

रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही, किंवा एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर कंपनीने एकतर तुम्हाला मान्य असलेलं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. यातला "एकतर" नीट वाचा. काउंटरवर दुसऱ्या दिवसाचं विमान मुकाट्याने घेतलंत, तर नंतर भरपाई मागणं अवघड होतं. दुसरी सोय करून निघणार असाल तर तिथेच परतावा मागा, आणि तोही लेखी.

भरपाई प्रवासाच्या वेळेवर ठरते: एक तासापर्यंत ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांवर १०,००० रुपये. तुमच्या मित्राचा आकडा बहुधा इथून आला. पण पुढे अट आहे: ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. तिकिटावर मूळ भाडं २,१०० आणि इंधन अधिभार ४०० असेल, तर दीड तासाच्या प्रवासालाही २,५०० च मिळतात, ७,५०० नाही. चिपीसारख्या (सिंधुदुर्गचा विमानतळ) ठिकाणच्या स्वस्त तिकिटांवर हेच होतं. विमानतळ शुल्क आणि कर या हिशोबात येत नाहीत, म्हणून तिकिटाची एकूण किंमत बघू नका, भाड्याची फोड बघा.

जागा नाकारली तर हिशोब वेगळा आहे. तासाभरात दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर भाडं-इंधनाच्या २०० टक्के, कमाल १०,०००. त्यापुढचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००.

आता एजंटबद्दल. गावातून तिकीट काढताना एजंट पुष्कळदा स्वतःचाच मोबाइल आणि मेल टाकतो. मग रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तो दुपारी जेवून झोपलेला असतो, आणि कंपनी म्हणते, "आम्ही दिलेल्या नंबरवर कळवलं होतं." बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. तेव्हा तिकीट काढतानाच सांगायचं: "नंबर माझोच घाल." परतावाही एजंटच्या खात्यात जातो, त्याला काही दिवस धरा. पण तो देण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे. "एजंटला विचारा" या उत्तरावर फोन ठेवू नका.

---

हवामान_वेध

कंपनीने आता "ऑपरेशनल" म्हटलं आहे. प्रकरण पुढे गेल्यावर तेच "खराब हवामान" झालं, तर तपासायची सोय आहे.

प्रत्येक विमानतळाचं हवामान मेटार नावाच्या छोट्या सांकेतिक ओळीत ठरावीक वेळाने नोंदलं जातं आणि जुन्या नोंदी इंटरनेटवर मिळतात. मुंबईचा संकेत व्हीएबीबी, मोपाचा व्हीओजीए, गोव्यातल्याच दाबोळीचा व्हीओजीओ. ओळीतली वेळ आपली नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. तुमच्या ८:४० साठी १५:१० च्या आसपासची ओळ बघा, ३:१० साठी २१:४० ची. वाऱ्यानंतर येणारे चार अंक म्हणजे मीटरमधली दृश्यमानता. ६००० असेल तर धुक्याची सबब टिकत नाही, ०८०० असेल तर टिकू शकते.

दुसरी नोंद विमानाची. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या वेबसाइटवर विमानाचा नोंदणी क्रमांक सापडतो, आणि तेच विमान त्या दिवशी आधी कुठे-कुठे फिरलं ते कळतं. ते संध्याकाळीच दुसऱ्या शहरात अडकलं होतं असं दिसलं, तर ८:४० ला सुटणार नाही हे कंपनीला ९:५० चा मेसेज पाठवतानाच ठाऊक असणार. फुकटात मागचे थोडेच दिवस दिसतात, म्हणून हे काम आजच करा.

एक सावधगिरी: त्याच वेळी इतर विमानं उतरत होती एवढ्यावरून हवामानाची सबब खोटी ठरत नाही. प्रत्येक विमानाच्या आणि वैमानिकाच्या मर्यादा वेगळ्या असतात. तो मुद्दा जोड म्हणून वापरा, मुख्य म्हणून नको.

---

दर्यावर्दी

मूळ प्रश्न देशातल्या विमानाचा आहे, पण जहाजावर नोकरीला जाणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या मुलांसाठी लिहितो, कारण इथे खरे पैसे बुडतात.

जहाज सोडून युरोपातल्या बंदरातून घरी येताना विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटलं, तर कंपनी कुठल्याही देशाची असो, युरोपचा नियम २६१/२००४ लागतो. ३,५०० किलोमीटरवरच्या प्रवासाला, म्हणजे ॲमस्टरडॅम–मुंबईसारख्या, शेवटच्या ठिकाणी चार तास किंवा जास्त उशीर झाला तर ६०० युरो. तीन ते चार तासांना निम्मे. उशीर मोजायचा तो पोहोचण्याचा, सुटण्याचा नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब तिथे चालत नाही.

तिकीट मॅनिंग एजंटने (जहाजावर नोकरीला लावणाऱ्याने) काढलं होतं म्हणून पैसे त्याचे, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. भरपाई प्रवास केलेल्या माणसाची असते, पैसे कोणीही भरलेले असोत. बोर्डिंग पास ठेवा आणि दावा स्वतःच्या नावाने, स्वतःचं बँक खातं देऊन करा. मुदत देशागणिक वेगळी: नेदरलँड्सला दोन वर्षं, जर्मनीला प्रवासाचं वर्ष संपल्यापासून तीन.

आखाताच्या प्रवासाला हे नाही. मुंबई–दुबई, मुंबई–कुवेतला माँट्रियल करार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा) लागतो. त्यात उशिराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, पण ती कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. झालेलं नुकसान पावतीने दाखवावं लागतं आणि दावा दोन वर्षांत लावावा लागतो.

---

मोतीतलाव

सगळ्यांचे आभार. मेसेज दोघांच्याच फोनवर आले होते, त्यामुळे एजंटचा घोळ नाही. पाचही स्क्रीनशॉट काढले. ३:१० चा मेसेज १२:५२ ला आलेला दिसतो. आता क्रमाने काय करायचं? आणि ओरोसला दावा लावता येईल का?

---

कलम_पोटकलम

येईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिकिटाच्या अटींत "न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर" असं छापलेलं असतं, त्याने घाबरू नका. सिंधुदुर्गचा जिल्हा आयोग ओरोसलाच आहे.

१२:५२ ची नोंद महत्त्वाची. पुढे सव्वादोन तास थांबायचं आहे हे त्या क्षणी कंपनीला माहीत होतं, तरी ना हॉटेल विचारलं, ना दुसऱ्यांदा खायला दिलं. तक्रारीत हे एवढ्याच शब्दांत लिहा.

पहिलं काम: कंपनीच्या वेबसाइटवरून उशिराचं प्रमाणपत्र मागवा. विमा असेल तर त्यालाही तेच लागतं. मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणाऱ्याला) मेल करा, त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. विषयात पीएनआर, तारीख आणि विमान क्रमांक. आत मूळ वेळ, खरी वेळ, काय दिलं, काय दिलं नाही, किती रुपये मागताय. एका पानात बसवा. उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे. सोबत नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार "निकाली" दाखवून बंद झाली तरी ते पान छापून ठेवा, आयोगापुढे उपयोगी पडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद होते, आणि लहान रकमेच्या तक्रारी कित्येकदा तिथेच मिटतात.

कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधू नका. परताव्याच्या नावाखाली खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

यातून काही झालं नाही तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. कायद्याने सक्तीची नाही, पण पोचपावती पुरावा होते. त्यानंतर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. तक्रार आणि प्रतिज्ञापत्र प्रवास केलेल्या दोघांच्या नावे आणि सहीने हवं. तुमच्या नावाने लावलीत तर "हे ग्राहकच नाहीत" हा पहिला आक्षेप येईल. सुनावणीला त्यांच्या वतीने तुम्हाला जायचं असेल तर अधिकारपत्र जोडा, आणि दूरदृश्य सुनावणीसाठी अर्ज करता येतो तोही द्या.

मुदत घटनेपासून दोन वर्षं. टॅक्सीची पावती थर्मल कागदावरची असेल तर तिची झेरॉक्स आजच काढा. त्या कागदावरची छपाई दोन पावसाळे टिकत नाही.